टाकीला लागलेला हात

त्यांचा मैला माझ्या तोंडात गेला होता आणि ते हसत होते.

इथूनच सुरुवात करतो. दुसरीकडून कुठून केली तर मी मऊ बोलेन, आणि मला मऊ बोलायचं नाही.

ओव्हरसियरच्या बंगल्यामागे, संडासाच्या भिंतीला लागून खणलेल्या चरात मी उताणा पडलो होतो. संडासाच्या भांड्यातून मैलाटाकीकडे जाणारा जाड पाइप माझ्या डोक्यावर. त्याचा सांधा मी नुकताच सोडवलेला. पाइपाचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. आत आठ दिवसांचं तुंबलेलं, आणि मी सळईनं बोळा उकरत होतो. संडासाची साखळी ओढून बांधलेली होती, पण पाणी टाकीपाशीच कॉकनं बंद होतं. मी सांगेन तेव्हाच उघडायचं असं ठरलं होतं. मी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात वरून ओव्हरसियरचा आवाज आला, अगदी मजेतला.

"दगडू, उघड रे कॉक. पाहुण्यांना बघू दे कसं धावतं ते."

मी "थांबा!" म्हणायला तोंड उघडलं. म्हणूनच ते तोंडात गेलं. गप्प पडून राहिलो असतो तर निदान तोंड वाचलं असतं.

डोळ्यांत, नाकात, केसांत, सदऱ्याच्या आत. मी ओकत ओकत चराच्या बाहेर आलो तर ओसरीवर पुण्याचे दोन पाहुणे उपरण्यानं नाक दाबून उभे. एकाला हसू आवरत नव्हतं. ओव्हरसियर त्याला सांगत होता, "गोऱ्या साहेबानं बसवून घेतलाय. साखळी ओढली की सगळं साफ. पुण्यात आहे का कुणाकडे?"

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो संडास दाखवत होता. मी त्या संडासाचाच एक भाग होतो.

आता मी कोण ते सांगतो. मी महाराचा. आमची वाडी मुळशीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीच्या काठी. आता ती पाण्याखाली आहे. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा गावोगाव आकांत होता, जमिनी जाणार म्हणून. आमच्या वाट्याला वतनाचा एवढासा तुकडा, त्यात बैल फिरवायला जागा नव्हती. मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, भाकरी मागायची, हे आमच्या घराचं काम. बा म्हणायचा, "पानी आलं तर येऊ दे. आपलं काय बुडतंय?" मी धरणावर दगड वाहायला गेलो तो आनंदानं गेलो. तिथं कुणाला भाकरी मागावी लागत नव्हती.

दगड वाहता वाहता मला इब्राहिम मिस्त्रीनं उचललं. मिस्त्री पौडचा. घरात मराठीच बोलायचा, शिव्याही मराठीतच द्यायचा. धरणाच्या वसाहतीतले सगळे नळ, पंप, पाइप त्याच्या हाताखाली. त्याला पाइप धरायला माणूस हवा होता. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "हात कापतोय का तुजा?" मी म्हटलं, "न्हाई." दुसरं काही त्यानं विचारलं नाही. अख्ख्या आयुष्यात कामाला घेताना मला जात न विचारणारा तो पहिला माणूस.

दोन वर्षांत मी पाइपाला आटे पाडायला शिकलो. सफेदा आणि ताग लावून सांधा असा बसवायचो की थेंब गळत नसे. शिसं वितळवून ओतायला शिकलो. मिस्त्री मला लई बोलायचा, पण सांधा बघून गप्प व्हायचा. त्याचं गप्प होणं हेच माझं बक्षीस होतं. तरी हजेरीबुकात माझ्या नावापुढे 'बिगारी' असंच लिहिलेलं. फिटर म्हणून लागायचं तर कुणातरी साहेबाचा दाखला लागायचा. वसाहतीचं काम संपत आलं होतं. मिस्त्री मुंबईला मोठ्या नळकामावर जाणार होता. दाखला असलेला एक माणूस बरोबर न्यायची त्याला मुभा होती. तो मला म्हणाला, "कागद आन. तुला नेतो. कागद न्हाई तर माझा हात तोकडा."

असं सगळं त्या कागदावर येऊन ठेपलं होतं. कागद मिळाला तर मी फिटर. नाही मिळाला तर परत ढोरं ओढायची, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या तरी गावात.

अशात ओव्हरसियरचा संडास तुंबला. गोरा साहेब बदलून गेल्यावर तो बंगला ओव्हरसियरला मिळालेला. घरात तो, त्याची बायको आणि त्याची विधवा आत्या. आत्याबाईंच्या सोवळ्यावर घर चालायचं. मिस्त्री तापानं पडला होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी ओसरीखाली उभा राहून जोहार घातला. ओव्हरसियर म्हणाला, "काम नीट केलंस तर दाखला देईन. फिटरचा. माझ्या सहीचा."

मी खाली वाकून जमिनीला हात लावला. ते आठवलं की आजही माझी पाठ आखडते.

बंगल्याच्या मागे चौथऱ्यावर मोठी लोखंडी टाकी होती. नदीचं पाणी पंपानं त्यात चढायचं. टाकीच्या तळातून एक पाइप निघायचा आणि त्याचे पुढे दोन फाटे. एक स्वयंपाकघराच्या मोरीत, एक संडासाच्या साखळीला. दोन्हींचा मुख्य कॉक एकच, टाकीच्या बुडाशी. नळाचं काम करणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? मुख्य कॉक स्वतःच्या हातानं बंद करतो. मिस्त्रीनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुसऱ्याच्या हातावर विसंबून पाइप उघडायचा नाही.

मी कॉककडे निघालो तर आत्याबाई मागच्या दारातून ओरडल्या, "अरे, अरे! कुठं चाललास? ते देवाच्या पाण्याचं आहे!"

ओव्हरसियरनं हुकूम काढला. टाकीपासून दहा हात लांब राहायचं. कॉकला गडी हात लावेल. गडी म्हणजे दगडू, घोटावड्याचा कुणबी. मी खाली चरात काम करणार आणि माझं पाणी दगडूच्या हातात. हे बरोबर नाही, हे मला कळत होतं. पण दाखला हवा होता. मूग गिळले.

मग जे झालं ते सांगितलंच. पण तिथंच संपलं नाही.

दगडू घाबरला. चरातून मी असा भुतासारखा उठलेला बघून त्यानं कॉक घाईनं उलटाच पिळला, आणि जुनाट कॉकची मूठ मोडून त्याच्या हातात आली. मानेतून पाण्याची चिळकांडी उडाली. अंगणाचा उतार स्वयंपाकघराकडे. बघता बघता मागच्या दारातून पाणी आत शिरलं. आत वाळवणाची सूपं, पिठाचे डबे जमिनीवर. बायका किंचाळायला लागल्या. ओव्हरसियर धोतर सावरत नुसता नाचत होता. "बंद करा! अरे कुणीतरी बंद करा ते!"

मी कुणीतरी होतो. मी धावलो. मूठ मोडली तरी आतला चौकोनी दांडा शाबूत होता. तो पान्यात धरला आणि जीव खाऊन फिरवला. पाणी थांबलं.

 मला वाटलं, आता कुणी म्हणेल, बरं झालं. खरंच वाटलं हो मला तसं. मी पाना हातात घेऊन उभा होतो आणि मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "टाकीला शिवला."

एवढंच. पण ओव्हरसियरचा चेहरा पालटला. मघाशी जो "कुणीतरी बंद करा" म्हणून ओरडत होता तोच म्हणाला, "हरामखोरा, टाकीला शिवलास? हागलेल्या हातानं?"

तो मैला कुणाचा होता? हे मी तेव्हा विचारलं नाही. सुचलंच नाही. आज रोज सुचतं.

मारायचं तर मला शिवावं लागलं असतं. त्यांनी शिवायचं टाळून मारलं. ओव्हरसियर दगडूला म्हणाला, "हाण त्याला." दगडूनं सरपणातली लाकडं उचलून माझ्यावर फेकली. पहिली दोन त्यानं मुद्दाम चुकवली. ओव्हरसियरनं ते ओळखलं आणि म्हणाला, "नीट हाण, नाहीतर तूही उद्यापासून येऊ नकोस." मग तिसरं माझ्या खांद्यावर बसलं. चौथं कमरेवर. पाहुणे आता हसत नव्हते. कंटाळले असावेत, आत चहाला गेले.

मी धुवायला पाणी मागितलं. त्यांच्याच घाणीत मी न्हालो होतो, त्यांच्या दारात पाण्याची टाकी होती. ओव्हरसियर म्हणाला, "नदीवर जा. धुणी धुतात त्याच्या खाली."

भर दुपारी वसाहतीच्या बाजारातून मी तसा चालत गेलो. लोकांनी वाट दिली. इतकी रुंद वाट मला तोवर कुणी दिली नव्हती.

नदीच्या खालच्या अंगाला जमना भेटली. जमना भंग्याची. वसाहतीतल्या मजुरांच्या संडासाच्या बादल्या डोक्यावरून वाहायची. ती तिथं आपली पाटी धूत होती. खांदा सुजल्यानं माझा हात वर जाईना, डोक्यावर पाणी घेता येईना. तिनं बघितलं आणि तिचं पितळी भांडं भरलं.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी तिला म्हटलं, "लांबून वत."

मी, महाराचा. तोंडात मैला घेऊन उभा असलेला. मी भंगिणीला म्हटलं, लांबून ओत. जन्मभर तसंच केलं होतं, तसंच तोंडातून निघालं.

जमना हसली. म्हणाली, "तुज्या अंगाव काय हाय ते बघ आदी. मंग मला लांब कर."

आणि तिनं जवळ येऊन माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. सहा भांडी ओतली. मी तिला काहीही बोललो नाही, बरं वाटलं एवढंही म्हटलं नाही. त्या दिवशी माझा अपमान तीनदा झाला असं मी पुष्कळ वर्षं म्हणायचो. खरं तर दोनदा माझा झाला आणि तिसऱ्यांदा मी केला.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या बंगल्यावर गेलो. लाज वाटते, पण गेलो. कागद हवा होता. पाइप मोकळा केला, सांधा बसवला. नवा कॉक दगडूच्या हातून बसवला. मी दहा हातांवरून सांगायचं, "डावीकडं. आनी थोडा. ताग कमी झाला, परत गुंडाळ," आणि तो खालमानेनं करायचा. जे काम मी अर्ध्या घटकेत केलं असतं त्याला सकाळ गेली. साखळी ओढली. धो धो पाणी गेलं. ओव्हरसियर खूश झाला, आत जाऊन कागद लिहून आणला आणि पायरीवरून खाली सोडला. कागद तरंगत मातीत पडला. मी उचलून कपाळाला लावला.

निघताना पाहिलं तर दगडू शेणानं भरलेली पाटी टाकीवर चढवत होता. मागे भटजी. आत्याबाई खालून सांगत होत्या, "अजून एक पाटी लागेल. गोमूत्राची घागर राहिली. दर्भाच्या जुड्याही टाका आत." थोडकं पंचगव्य शिंपडून भागलं असतं, भटजी तसं म्हणतही होते. पण आत्याबाईंचा राग थोडका नव्हता.

माझ्यातला फिटर जागा झाला. शेण तळाशी बसणार आणि पाइप तळातूनच निघतो. दर्भाच्या काड्या तर थेट साखळीच्या वालमध्ये, पाणी सोडणाऱ्या झडपेत, जाऊन अडकणार. मी तोंड उघडलं, "आत्याबाई, त्ये टाकीत..."

"तोंड उघडू नकोस," त्या म्हणाल्या, "तुझाच विटाळ काढतोय."

बरं, म्हटलं. काढा.

घरी आलो. आमच्या महारवाड्यात वाचता येणारं कुणी नव्हतं. बानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग घरोघर घेऊन गेला. "माझं पोरगं फिटर झालं. सायबाची सही हाय." म्हाताऱ्या बाया कागदावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. बानं त्यासाठी जुन्या मुंडाशाच्या कापडाची पिशवी शिवली आणि रात्रभर उशाला घेऊन झोपला.

सकाळी मी ती पिशवी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री तापातून उठला होता, खाटेवर बसून बिडी ओढत होता. कागद वाचला. घडी घातली. परत पिशवीत ठेवला.

"काय लिवलंय?"

"जाऊ दे."

"मिस्त्री, काय लिवलंय?"

मी ऐकेना तेव्हा त्यानं वाचलं. एकेक शब्द सुटा करून. "हा इसम जातीने महार. संडासातील मैला काढण्याचे काम बरे करतो. पाण्याजवळ येऊ देऊ नये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल माझा बा हे कागदाचं चिटोरं कपाळाला लावून घरोघर फिरला होता. मी ओरडलो, "मला भंगी केला! मी फिटर हाय, आन मला भंगी लिवला!"

मिस्त्रीनं बिडी खाटेच्या पायाला विझवली. मग म्हणाला, "मंग भंग्याला लिवलं असतं तर चाललं असतं व्हय?"

 मला सहा भांडी पाणी आठवलं. "लांबून वत" आठवलं. मी कशावर चिडलो होतो? माणसाला पाण्यापासून लांब ठेवा असं कुणी लिहितं यावर नव्हतो चिडलो. मला चुकीच्या पायरीवर उभं केलं, यावर चिडलो होतो. म्हणजे पायऱ्या मला मान्य होत्या. ओव्हरसियरनं ज्या शिडीवरून माझ्यावर कागद सोडला त्याच शिडीच्या खालच्या पायरीवर उभा राहून मी जमनेकडे बघत होतो. हे कळलं आणि मला स्वतःची किळस आली. चरात आली नव्हती इतकी आली.

मिस्त्री म्हणाला, "ह्या कागदावर तुला मुंबईत कुणी नळाला हात लावू देनार न्हाई. मी परवा निघतोय."

दुसऱ्याच सकाळी दगडू धापा टाकत आला. "सायबानं बोलावलंय. पाना घिऊन चल. लई वंगाळ झालंय."

झालं होतं मला ठाऊक होतं तसंच. स्वयंपाकघराच्या नळातून आधी हिरवं पाणी आलं, मग काहीच नाही. संडासाच्या वालमध्ये दर्भ आणि शेण जाम बसलं. कुणीतरी वैतागून साखळी ओढत राहिलं, साखळी तुटली. त्याआधी उतरलेल्या शेणादर्भानं खालचा पाइपही तुंबला होता; घागरीनं पाणी ओतलं तर ते भांड्यातून वर आलं आणि घरात पसरलं. संध्याकाळी मोठे इंजिनेर साहेब जेवायला येणार होते.

मी गेलो. पण मागच्या वाटेनं गेलो नाही. पुढच्या फाटकातून गेलो आणि ओसरीसमोर उभा राहिलो. जोहार घातला नाही. ओव्हरसियरच्या ते ध्यानात आलं, पण त्याला घाई होती.

"लवकर कर बाबा काय ते."

त्यानं मला बाबा म्हटलं. घरात घाण शिरली की माणसाची जीभ किती गोड होते, बघा.

मी म्हणालो, "सायेब, त्यात काय अडकलंय म्हाईत हाय का? तुमचं शेन."

"ते असो. तू काढ."

मी बाच्या पिशवीतून कागद काढला. "ह्ये तुमी लिवलंय?"

तो जरा चरकला. माझ्या जातीच्या माणसाला कागद वाचून दाखवणारं कुणी असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मग म्हणाला, "बरं, बरं. दुसरा देतो. फिटर असं लिहितो. आत्ता लिहितो, मग तर झालं?"

आणि खरंच दौत मागवून त्यानं लिहिलं. ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून, वर सही करून. मला दिसत होता तो. चार पावलांवर. मिस्त्री उद्या निघणार होता. त्या कागदावर मुंबई होती, हजेरीबुकातलं नवं नाव होतं, बाच्या हातातली मेलेल्या ढोराची दोरी सुटणं होतं.

मी म्हणालो, "काम करतो. पर टाकीचा कॉक मी बंद करनार. माझ्या हातानं. फिटर पानी सोता बंद करतो."

ओव्हरसियरनं मागे पाहिलं. दारात आत्याबाई उभ्या होत्या. घरात घोटाभर घाण, नाकाला पदर, आणि तरी त्या म्हणाल्या, "टाकीला शिवायचं नाही."

"कॉकला दगडू हात लावेल," ओव्हरसियर म्हणाला. "तुला दाखला हवा ना? हा घे दाखला. उगाच हट्ट करू नकोस."

"कॉक मी बंद करनार."

"अरे, कागद देतोय ना फिटरचा!"

"मंग फिटरचं काम करू द्या."

"ते नाही व्हायचं."

मी पाना हत्यारांच्या पिशवीत घातला.  शूर वगैरे काही नव्हतो. जाताना मी मागे वळून त्या कागदाकडे पाहिलं. दोनदा पाहिलं. ओव्हरसियर मागून ओरडत होता, "उद्यापासून धरणावर दिसलास तर बघ! तुझ्या बापालाही कुठे उभं राहू देणार नाही!" मी फाटकाबाहेर पडलो.

इथं गोष्ट संपली असती तर ती सांगायला बरी होती.

ओव्हरसियरनं जमनेला बोलावलं. हातानं उपसायला. मला कळलं तसा मी धावत तिच्या वाटेत गेलो. म्हटलं, "जाऊ नगं. मी न्हाई म्हनलोय. तू बी न्हाई म्हन."

ती थांबली. पाटी कमरेवर. म्हणाली, "तू न्हाई म्हनलास म्हनून मला बोलावलंय. मला दोन लेकरं हायेत. मी न्हाई म्हनले तर कुनाला बोलावत्याल?"

आणि ती गेली. दुपारभर तिनं ते घर हातांनी उपसलं. संध्याकाळी इंजिनेर साहेब जेवून गेले. माझ्या नकाराची झळ मला लागायच्या आधी तिला लागली. ही गोष्ट सांगताना लोक माझी पाठ थोपटतात तेव्हा मी त्यांना हे सांगतो, आणि त्यांचे हात थांबतात.

अंधार पडायच्या आत मी तिच्या खोपटाशी गेलो. धरणावर दगड वाहणारे तिघे माझ्या मागून येत होते, आमच्याच महारवाड्यातले. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं, "पानी दे प्यायला." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं, मग भांडं दिलं. मी तोंड लावून प्यालो. तिघांपैकी एक माझ्या नावानं थुंकला. बा माझ्याशी सहा महिने बोलला नाही, कागद सोडल्याबद्दल नव्हे, ह्या पाण्याबद्दल. जमना एवढंच म्हणाली, "आज पाजलं. उद्या काय करशील ते बघू." तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. बरोबर होतं तिचं.

धरणावरून मला काढलं. मिस्त्री गेला. पुढे वाडी पाण्याखाली गेली आणि आम्ही पुण्याच्या वाटेला लागलो. मजुरी करत करत मी अक्षरं शिकलो, त्याच पहिल्या कागदावर. 'इसम' हा मी वाचलेला पहिला शब्द. 'पाण्याजवळ येऊ देऊ नये' हे मी लिहिलेलं पहिलं वाक्य, शंभरदा गिरवून. कागद अजून बाच्या पिशवीत आहे. जाळला नाही, जाळणारही नाही. ते त्यांचं हस्ताक्षर आहे, मी का पुसू?

नळकाम मी सोडलं नाही. दाखल्याशिवाय केलं. कुठल्याही दारात गेलो की आधी एकच विचारतो, "मुख्य कॉक कुठं आहे? मी बंद करणार." घरातलं माणूस क्षणभर घुटमळलं की मला कळतं. मी पिशवी उचलतो. संडास तुंबू दे, घरभर येऊ दे, सोफ्याखाली जाऊ दे. आणि निघताना दारातच सांगतो, माझ्यानंतर भंग्याला बोलावलंत तर त्याला अडवायला मी तुमच्या सांगाव्याच्याही आधी त्याच्या घरी जाऊन बसेन. आता भंगीवस्तीतले लोक मला ओळखतात. त्यांच्या वस्तीतली चार घरं अशा दाराला येत नाहीत. चारच. पुढच्या साली आठ करायची आहेत.

जमनेच्या हातचं पाणी मी एकदा प्यालो, त्यानं काही फिटलं नाही. म्हणून मऊ बोलत नाही. ज्या घरात माझ्या हाताला पाणी बंद आहे, त्या घराची घाण त्या घरातच राहील.